आकाशातील अंतरे

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील कोणत्याही गावी निरभ्र दिवशी आकाशाकडे पाहावे, म्हणजे एखादे विमान संथपणे जाताना दृष्टीस पडते. खालून ते चिमणीएवढे दिसते आणि फारसे वेगाने जात आहे असेही वाटत नाही. वस्तुतः ते ताशी कित्येक शे किलोमीटर वेगाने चाललेले असते, आणि त्यातील प्रवासी कदाचित सातासमुद्रापलीकडील देशास निघालेले असतात. ते पाहून दोन प्रश्न मनात येतात. हे विमान जेथे जाणार ते ठिकाण येथून किती दूर आहे? आणि तेथे पोहोचण्यास त्याला किती वेळ लागेल? हे प्रश्न दिसतात सोपे. परंतु त्यांची उत्तरे शोधू लागलो, की पृथ्वीचा आकार, वाऱ्याची दिशा आणि सूर्याचा उदयास्त या साऱ्यांचा विचार करावा लागतो.

प्रथम आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. शहापूर आणि मुरबाड या दोन गावांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे २३ किलोमीटर आहे. पण या सरळ रेषेवरून कोणालाही चालत जाता येत नाही. वाटेत भातसा आणि काळू या नद्या आडव्या येतात, टेकड्या लागतात, शेते आणि वस्त्या लागतात. रस्त्याला पुलाची जागा शोधावी लागते, चढ टाळावा लागतो. म्हणून रस्त्याचे अंतर सरळ रेषेतील अंतराहून नेहमीच अधिक भरते. विमानाला मात्र नदी अडवीत नाही की डोंगर अडवीत नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका मिनिटात १५ किलोमीटर मार्ग आक्रमिते. म्हणजे शहापूर ते मुरबाड हे अंतर ते अवघ्या दीड मिनिटात ओलांडून जाईल!

आपले पूर्वज अंतर मोजताना वेळेचाच आधार घेत. अमुक गाव किती कोस आहे असे विचारीत, तसेच ते किती घटकांची वाट आहे असेही विचारीत. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. दूरच्या प्रवासाचा हिशेब मुक्कामांवर केला जाई; ‘मजल दरमजल करीत’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. मुरबाड तालुक्याच्या सीमेवर असलेला नाणेघाट हा अशाच मुक्कामांचा प्राचीन मार्ग होय. कल्याण बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून व्यापारी या घाटाने जुन्नरास आणि तेथून पुढे प्रतिष्ठानास, म्हणजे आजच्या पैठणास जात. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा कोरीव लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाणी यांच्या संख्या त्यात अंकांनी कोरलेल्या आहेत. व्यापाराला मोजमाप लागते आणि प्रवासालाही मोजमाप लागते, हे त्या वाटेने जाणारे लोक चांगले ओळखून होते.

पुढे लोहमार्ग आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही सुमारे ३४ किलोमीटरांची पहिली आगगाडी धावली. १८६१ साली हा मार्ग आसनगावावरून कसाऱ्यापर्यंत पोहोचला आणि १८६५ साली थळ घाट चढून वर गेला. बैलगाडीचे दिवस आता तासांवर आले. तरीही समुद्रापलीकडील देश दूरच राहिले होते. ते किती दूर होते, हे एका थोर स्त्रीच्या प्रवासावरून ध्यानात येईल.

शहापूर आणि मुरबाड यांच्या शेजारच्या कल्याण गावी जिचे बालपण गेले, ती आनंदीबाई जोशी वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजाने निघाली. ती न्यूयॉर्क बंदरात उतरली ४ जून रोजी. म्हणजे या प्रवासास ५८ दिवस लागले. तेव्हा तिचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. घरून निघालेले पत्र तिच्या हाती पडण्यास कित्येक आठवडे लागत आणि उत्तर परत येण्यास आणखी तितकेच. मार्च १८८६ मध्ये तिने फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळविली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती मुंबईस परतली, परंतु तेव्हा क्षयाने तिला ग्रासले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, तिचा अंत झाला. तिच्या अल्प आयुष्यातील कितीतरी दिवस केवळ समुद्रावरच्या वाटचालीत खर्ची पडले. अंतराची किंमत माणसाला आपल्या आयुष्याच्या दिवसांनी मोजावी लागते, ती अशी.

विमानाने ही किंमत कशी कमी केली ते आता पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ नावाच्या लहानशा विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराची सोडली. विमान ते एकटेच चालवीत होते. सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी ते निघाले, अहमदाबादेस इंधन घेण्यासाठी उतरले आणि दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी मुंबईत जुहूच्या मैदानावर पोहोचले. मौजेची गोष्ट अशी, की अहमदाबादेस या विमानासाठी इंधनाचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले होते! नव्या युगाचे वाहन जुन्या युगाच्या वाहनाच्या साहाय्यानेच पुढे जात होते. एक हजार किलोमीटरांहून थोडे अधिक असलेले हे अंतर वाटेतील थांब्यासह सव्वासात तासांत पार पडले. म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर पडला. याच घटनेच्या पन्नासाव्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी तोच प्रवास तशाच जुन्या बनावटीच्या विमानातून पुन्हा केला.

त्यानंतरची प्रगती फार झपाट्याने झाली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले आणि कैरो व जिनीव्हा येथे थांबून १० जून रोजी तेथे पोहोचले. मे १९६० मध्ये एअर इंडियाची जेट विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. आज मुंबईहून निघालेले विमान कोठेही न उतरता सुमारे ७,२०० किलोमीटरांवरील लंडन नऊदहा तासांत गाठते आणि न्यूयॉर्कला पंधरासोळा तासांत पोहोचते. आनंदीबाईंचे दोन महिने आता एका दिवसाहूनही कमी वेळात मावले.

परंतु मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर तरी नेमके किती, आणि ते मोजावयाचे कसे? तुमच्या वर्गातील भिंतीवर जगाचा सपाट नकाशा असेल. त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना जोडणारी रेषा पट्टीने आखली, तर ती अरबस्तान आणि आफ्रिका यांच्यावरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. हाच सर्वांत जवळचा मार्ग असावा, असे आपल्याला वाटते. पण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे. नारळाची करवंटी सपाट करावयाची म्हटले तर ती फुटल्याशिवाय राहत नाही. त्याचप्रमाणे पृथ्वीचा गोल पृष्ठभाग कागदावर सपाट मांडताना कोठे ना कोठे ताणावाच लागतो. बऱ्याच नकाशांत हा ताण उत्तर आणि दक्षिण ध्रुवांकडे सर्वांत अधिक असतो. म्हणून तेथील प्रदेश आहेत त्याहून कितीतरी मोठे दिसतात.

खरा जवळचा मार्ग शोधण्यासाठी शाळेतील पृथ्वीचा गोल घ्या. एका दोऱ्याचे एक टोक मुंबईवर ठेवा, दुसरे न्यूयॉर्कवर ठेवा आणि दोरा घट्ट ताणा. तो आफ्रिकेकडे मुळीच न जाता उत्तरेकडे सरकतो! मध्य आशिया आणि रशिया यांवरून तो वर चढत जातो, नॉर्वे आणि आइसलँड यांच्यामधील समुद्रावर सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांश गाठतो आणि मग अमेरिकेकडे खाली उतरतो. गोलावरील या ताणलेल्या दोऱ्याच्या मार्गास ‘बृहद्वृत्त’ असे म्हणतात. कारण हा दोरा असाच पुढे नेला, तर पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारे मोठे वर्तुळ तयार होते. विषुववृत्त हेही असेच एक बृहद्वृत्त होय.

या मार्गाने मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. खलाशी ज्या मर्केटर पद्धतीच्या नकाशाचा उपयोग करीत, त्यावर पट्टीने आखलेल्या रेषेने गेल्यास हेच अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर होते. जो मार्ग कागदावर सरळ दिसतो, तो सुमारे १,७०० किलोमीटर लांबचा. आणि जो कमानीसारखा वाकडा दिसतो, तोच जवळचा! डोळ्यांना दिसते त्यावर लगेच विश्वास न ठेवता गोष्ट पडताळून का पाहावी, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

अर्थात विमान दोऱ्याच्या रेषेवरूनच जाईल असे नाही. वाटेत वादळ असेल तर वळसा घ्यावा लागतो. काही बिघाड झाल्यास उतरता यावे, म्हणून मार्गाच्या आसपास विमानतळ असणे इष्ट असते. शिवाय प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील आकाशावर अधिकार असतो आणि त्यातून जाण्यास त्या देशाची अनुमती लागते. २०२२ साली रशिया आणि युक्रेन यांचे युद्ध पेटले, तेव्हा अनेक देशांच्या विमानांना रशियावरून जाणे बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना दूरचा वळसा घ्यावा लागला. आकाशात कुंपण दिसत नाही, पण माणसांमधील वैर तेथेही वाट अडविते.

आता वेळेचा विचार करू. अंतरास वेगाने भागले म्हणजे वेळ मिळतो, हे तुम्ही गणितात शिकला आहात. १२,५०० किलोमीटरांस ताशी ९०० किलोमीटरांनी भागले, तर उत्तर येते सुमारे चौदा तास. पण मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्यास पंधरासोळा तास लागतात आणि येताना मात्र सुमारे चौदा तास पुरतात. अंतर तेच, विमानही तसेच. मग हा फरक का पडावा?

कल्याणच्या खाडीत होडी वल्हविणाऱ्यास याचे उत्तर सहज देता येईल. भरतीच्या पाण्याबरोबर होडी आत नेणे सोपे असते; भरतीच्या विरुद्ध जावयाचे तर तेवढेच वल्हवूनही होडी हळू सरकते. विमान हवेत पोहत असते आणि हवाही वाहत असते. माहुली किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर उंच आहे. दूर पल्ल्याची विमाने त्याच्या बारापट उंचीवरून, म्हणजे दहा ते बारा किलोमीटरांवरून जातात. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रबळ वारे असतात. ते एखाद्या प्रचंड नदीप्रमाणे नागमोडी वळणे घेत पृथ्वीभोवती फिरतात आणि कधी कधी त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांहूनही अधिक असतो. यांस ‘जेट प्रवाह’ असे नाव आहे.

समजा, संपूर्ण प्रवासात सरासरी ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा विमानाच्या विरुद्ध आहे. तर जमिनीच्या दृष्टीने विमानाचा वेग ८०० राहील आणि प्रवासास साडेपंधरा तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. परतताना तोच वारा पाठीशी राहिला, तर वेग १,००० होईल आणि साडेबारा तास पुरे होतील. प्रत्यक्षात वारा रोज बदलतो, विमानास चढण्या-उतरण्यासही वेळ लागतो. म्हणून वेळापत्रकातील आकडे याहून थोडे निराळे असतात. वैमानिक निघण्यापूर्वी वाऱ्याचा अंदाज पाहूनच मार्ग ठरवितात. जाताना वारा टाळावयाचा आणि येताना त्याच्या पाठीवर बसावयाचे, अशी त्यांची युक्ती असते. म्हणून कधी कधी अंतराने लांबचा मार्गच वेळेने जवळचा ठरतो.

आता एक गमतीचे कोडे पाहा. हिवाळ्यातील एका दिवशी एक प्रवासी रात्री दोन वाजता मुंबईहून निघतो आणि त्याच दिवशी सकाळी साडेसात वाजता न्यूयॉर्कला उतरतो. घड्याळाप्रमाणे प्रवास झाला साडेपाच तासांचा! परत येताना तो दुपारी बारा वाजता न्यूयॉर्क सोडतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा वाजता मुंबईस पोहोचतो. म्हणजे साडेचोवीस तास! विमान जाताना विजेसारखे धावले आणि येताना रखडले की काय?

तसे काही नाही. पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि एका अंशास चार मिनिटे. म्हणून पूर्वेकडील गावी सूर्य आधी उगवतो आणि पश्चिमेकडील गावी नंतर. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे आणि ती ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्कची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. उन्हाळ्यात तेथील लोक घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो. आपल्या प्रवाशाला जाताना खरे सोळा तास लागले. त्यातून साडेदहा तास वजा केले की साडेपाच उरतात. येताना खरे चौदा तास लागले. त्यांत साडेदहा मिळविले की साडेचोवीस होतात. आता दोन्ही वेळची बेरीज करून पाहा. साडेपाच आणि साडेचोवीस मिळून तीस. सोळा आणि चौदा मिळूनही तीसच! घड्याळाने जाताना जे तास दिले, ते येताना पुरेपूर परत घेतले. काळ कोणालाही फुकट काही देत नाही.

हा रेखांशाचा फरक तुम्हांला आपल्या अंगणातही अनुभवता येईल. शहापूर आणि मुरबाड ही गावे प्रमाणवेळेच्या रेखांशापासून सुमारे नऊ अंश पश्चिमेस आहेत. म्हणून येथे सूर्य मध्यान्ही येतो, तेव्हा घड्याळात बारा नव्हे, तर सरासरीने बारा वाजून सदतीस मिनिटे झालेली असतात. ऋतूप्रमाणे यात काही मिनिटांचा फरक पडतो. सपाट जागी एक काठी उभी रोवा आणि साडेबाराच्या सुमारास तिच्या सावलीचे टोक दर पाच मिनिटांनी खडूने खुणेत धरा. ज्या क्षणी सावली सर्वांत आखूड, तो तुमच्या गावचा खरा मध्यान्ह होय. याच कारणाने पूर्वी मुंबईची स्वतःची निराळी वेळ असे आणि ती प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे होती.

मुलांनो, विमानाने जगाची अंतरे आटविली हे खरे. परंतु सर्वांचीच अंतरे सारखी आटली असे मात्र समजू नका. शहापुरापासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे साठ किलोमीटर आहे. विमानाला हे अंतर चार मिनिटांचे; पण तेथवर पोहोचण्यास जमिनीवरच्या माणसाचे काही तास मोडतात. आणि याच तालुक्यांतील डोंगरात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे असे काही पाडे आहेत, की जेथे रस्ता पोहोचलेला नसल्याने आजारी माणसास डोलीत घालून, ओढे ओलांडून रस्त्यापर्यंत खांद्यावर आणावे लागते. त्यांच्या माथ्यावरून जाणारे विमान नऊदहा तासांत लंडन गाठते, त्या काळात खाली एखादे आजारी मूल दवाखान्याची वाट कापीत असते. किलोमीटरांत मोजले तर ते अंतर अगदी थोडे असेल, पण त्या मुलाच्या आईस ते न्यूयॉर्कहूनही दूर वाटत असेल.

आनंदीबाई सातासमुद्रापलीकडे गेली ती केवळ देश पाहण्यासाठी नव्हे. आपल्या भगिनींना घराजवळ औषधोपचार मिळावा, यासाठी गेली. दूरचे अंतर तोडण्याचा खरा हेतू जवळचे दुःख दूर करणे हा असावा, असेच जणू तिच्या प्रवासातून दिसून येते. तुमच्यापैकी कोणी उद्या वैमानिक होईल, कोणी वाऱ्याचा अभ्यास करील, कोणी विमानतळ बांधील. कोणी डोंगरातील पाड्यापर्यंत जाणारा साधा रस्ता आणि ओढ्यावरचा लहानसा पूलही बांधील. ही सारी कामे एकाच जातीची आहेत. माणूस आणि माणूस यांमधील अंतर कमी करणे, हेच त्या सर्वांचे प्रयोजन होय.